रताळ्याच्या वेलावरचं सोनं

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात सभासदांच्या छंदांविषयी जो कार्यक्रम झाला, त्यातील भाषणाचा मजकूर. भाषणाच्या वेळी पडद्यावर छायाचित्रे दाखवली होती.)



कमिटीनं मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत असताना ऑडिटरसमोर याहून जास्त वेळ उभं राहायची सवय होती, त्यामुळे वेळेची काळजी नाही. विषय मात्र छोटा आहे. मोजून सांगायचं तर आठ-नऊ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. आपल्या बागेत, पंपरूमच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून रताळ्याचा जो वेल पसरलाय, त्यावर राहणारा एक सोनेरी भुंगेरा.

वेल तिथे आला कसा हे तळमजल्यावरच्या काकूंना विचारा. तीन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला आणलेल्या रताळ्यांपैकी एक टोपलीच्या तळाशी राहिलं, त्याला कोंब फुटले, आणि टाकवेना म्हणून काकूंनी ते पंपरूममागे खोचून दिलं. पाऊस चांगला झाला. दिवाळीपर्यंत वेलानं भिंत गाठली. त्याला रताळी किती लागली हे कुणी पाहिलं नाही, पण पानं भरपूर आली आणि पानांना भोकं पडायला लागली. गोल, नीट कापल्यासारखी, जणू कुणी पंचिंग मशीन घेऊन बसलंय. माळीमामा म्हणाले, "साहेब, कीड लागली, उपटून टाकू." मी म्हटलं, थांबा, आधी कीड बघू.

त्याच सुमाराला माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. ज्यांची झाली आहेत त्यांना ठाऊक आहे, जुनं भिंग काढलं की जगावरचा पिवळा थर उतरतो. भिंती पांढऱ्या होतात, आकाश निळं होतं, आणि घरातला पांढरा समजलेला सदरा खरं तर कधी पांढरा नव्हता हेही कळतं! असा सगळीकडचा पिवळा रंग उतरलेला असताना त्या पानावर एक ठिपका पिवळाधमक चकाकत होता. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. पानावर सोन्याचा थेंब सांडावा तसा तो होता, आणि तो चालत होता.

सोन्याविषयी मला थोडा अधिकार आहे. नोकरीची शेवटची वर्षं ज्या शाखांत गेली तिथे सोनेतारणाचं काम पुष्कळ होतं. शाखेचे सराफ यायचे, काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासायचे, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब टाकायचे. रेघ टिकली तर सोनं, विरली तर पितळ. मग वजन, मग पाकीट, मग लाख आणि सील. इतकी पाकिटं सील केल्यावर माणसाला सोन्याचं अप्रूप राहत नाही. या किड्यानं मात्र मला पुन्हा उकिडवं बसायला लावलं, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी उकिडवं बसणं म्हणजे काय, हे पहिल्या दोन रांगांतल्या मंडळींना सांगायला नको.

(पहिलं छायाचित्र.) हा बघा. याला पुस्तकांत कासव-भुंगेरा म्हणतात. पाठ घुमटासारखी, आणि घुमटाच्या कडेनं बाहेर आलेली पारदर्शक झालर. पाय, डोकं, सगळं त्या झालरीच्या आत. शास्त्रीय वर्गीकरणात या गटाचं नाव 'कॅसिडा' या शब्दावरून आलंय. लॅटिनमध्ये कॅसिडा म्हणजे शिरस्त्राण, योद्ध्याचं. आपल्या वेलावरचा हा अ‍ॅस्पिडिमॉर्फा या प्रजातीतला. त्या नावाच्या पोटातही ढालच आहे, ग्रीक भाषेतली. मुंगी जवळ आली की हा पळत नाही. खाली बसतो, झालर पानाला टेकवतो आणि घट्ट धरून राहतो. मुंगी वर चढते, चहूबाजूंनी फिरते, दात लावायला फट सापडत नाही, निघून जाते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बाजूला याचा एक निळा नातेवाईक आहे. थॉमस आयस्नर या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्याच्या पायांच्या तळव्यांवर मिळून सुमारे ६०,००० बारीक केस असतात, त्यांच्या टोकांना तेलाचा सूक्ष्म थर असतो, आणि स्वतःच्या वजनाच्या साठपट ओढ तो दोन मिनिटं सहन करतो. आता आपण आपल्या वजनाच्या साठपटीचा हिशोब करा. मी केला, चार टनांच्या जवळ गेला. मग तो कागद बाजूला ठेवला.

आता मुलांसाठी एक मजेदार भाग. ज्यांनी आत्ताच बटाटेवडा हातात घेतलाय त्यांनी थोडं दुर्लक्ष करावं. (दुसरं छायाचित्र.) हे याचं पिल्लू, म्हणजे अळी. चपटी, कडेनं काट्यांची झालर असलेली. शेपटीला दोन टोकांचा काटा असतो. अळी वाढताना कात टाकते. ती टाकलेली कात ही फेकून देत नाही, त्या काट्यावर अडकवून ठेवते. एकावर एक. या गटातल्या अनेक जातींच्या अळ्या त्यावर आपली शीसुद्धा रचतात. असा तो गठ्ठा छत्रीसारखा पाठीवर धरायचा. मुंगी आली की छत्री तिच्या तोंडावर. (हसणं थांबू दे.) म्हणजे जो किडा मोठेपणी सोन्याचा होतो त्याचं बालपण हे असं जातं. अंडी मात्र फार नेटकी असतात, पापुद्र्यांच्या घड्या घालून केलेल्या छोट्या पुडीत, पानाच्या पाठीमागे. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे पुडी दिसल्यापासून भुंगेरा बाहेर पडेपर्यंत साधारण पाच आठवडे गेले. आणि बाहेर पडला तेव्हा तो सोनेरी नव्हता. फिकट, पिवळट, मऊ. सोनं नंतर चढत गेलं.

चढतं म्हणजे कुठून? ज्यासाठी मी आज इथे उभा आहे ती गोष्ट हीच.

या भुंगेऱ्याच्या अंगात सोन्याचा कण नाही हे उघडच आहे. गंमत म्हणजे सोनेरी रंगसुद्धा नाही. पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोलचा थेंब सांडला की पाण्यावर इंद्रधनुष्य दिसतं. तिथे तरी रंग कुणी टाकलेला असतो? एकावर एक पातळ थर, प्रत्येक थरावरून परत फिरणारा प्रकाश, आणि त्या परतलेल्या प्रकाशाची बेरीज-वजाबाकी. भुंगेऱ्याच्या कवचात असेच अतिशय पातळ थर असतात. ते सारख्या जाडीचे नसतात, त्यामुळे एकच रंग परत न येता जवळजवळ सगळे परत येतात, आणि आपल्याला धातूसारखी चकाकी दिसते. पण हे थर चकाकतात ते ओले असतात म्हणून. वाण्याच्या पुडीच्या कागदाला तेल लागलं की कागद पारदर्शक होतो, आठवतंय ना? कागदातल्या बारीक पोकळ्या तेलानं भरतात आणि प्रकाश विखरायचा थांबतो. इथेही तसंच आहे. जिवंत किडा ते थर आपल्या अंगातल्या ओलाव्यानं भरलेले ठेवतो. पनामा देशातल्या अशाच एका भुंगेऱ्यावर झां पोल विग्नरॉन या बेल्जियन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली काम केलं. त्याला छेडलं की तो ओलावा मागे घेतो, सोनं मावळतं आणि खालचा लाल रंग उघडा पडतो. शांत झाला की पुन्हा सोनं.

आणि मेला की?

हे मला सी विंगमधल्या चौथीतल्या एका मुलीनं दाखवलं. ती आज इथे आहे, तिचं नाव घेत नाही, ती लाजेल. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं एक भुंगेरा पकडून कंपासपेटीत ठेवला, सोबत एक पान ठेवलं, आणि मामाकडे गेली. परत आली ती थेट माझ्या दारात. पेटी उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आजोबा, याचं सोनं कुणी काढून घेतलं?" पेटीत तपकिरी रंगाचं एक टरफल होतं. जुन्या चिंचोक्याचा असतो ना, तसा रंग.

मी तिला म्हटलं, कुणी घेतलं नाही, वाळलं. तिला ते पटलं नाही, आणि न पटणं बरोबरच होतं, कारण पुरावा काय? म्हणून आम्ही वाटीत कोमट पाणी घेतलं आणि तो त्यात सोडला. हिनं घरातून दूध आणून दिलं, मुलीनं ते पिता पिता वाटीवर लक्ष ठेवलं. संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर पाठीच्या एका बाजूला पुसट चकाकी परत आली होती. पूर्ण नाही. जुन्या जरीच्या काठाला असते तेवढी. ती टाळ्या वाजवून ओरडली, "जिवंत झाला!" मग आम्ही तो टिपकागदावर ठेवला, आणि वाळता वाळता तीही चकाकी गेली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.

इथे जुन्या मंडळींना सोनपाखरू आठवत असेल. मराठवाड्यात, सोलापूरकडे, नगरकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांच्या खिशात पावसाळ्यात काडेपेटी असायची. तिच्यात बाभळीवरून धरलेलं हिरवं चमचमतं सोनपाखरू आणि त्याच्यासाठी बाभळीचा पाला. त्यानं अंडी घातली की शाळेत भाव वाढायचा. तेही भुंगेरेच, पण त्यांच्या कवचाचे थर कोरडे असतात. किडा मेला तरी रंग राहतो. म्हणून तर आपल्या देशात त्यांच्या पंखांच्या टिकल्या करून वस्त्रांवर भरतकाम व्हायचं. लंडनमध्ये १८८८ साली एलन टेरी या नटीनं लेडी मॅकबेथची भूमिका केली तेव्हा तिच्या हिरव्या पोशाखावर असे सुमारे हजार पंख शिवले होते. तो पोशाख आजही जपलेला आहे आणि आजही चमकतो. जपानमध्ये नारा इथल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातलं एक देवघर आहे, तेही अशाच पंखांनी मढवलेलं होतं. म्हणजे ते हिरवं सोनं लॉकरमध्ये ठेवता येतं. आपल्या वेलावरचं ठेवता येत नाही. जगातल्या संग्रहालयांत या कासव-भुंगेऱ्यांना टाचण्या लावून ठेवलंय, पण ते सगळे तपकिरी. ज्याला हे सोनं बघायचंय त्यानं जिवंत किड्यापाशी जायला हवं, किंवा त्याचा फोटो तरी काढायला हवा.

म्हणून मी फोटोकडे वळलो. माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही. मुलानं दिलेला मोबाईल आहे, आणि त्यावर चिमट्यानं बसणारं एक छोटं भिंग. मुलांनो, तुम्ही रील करता त्याच मोबाईलवर हे होतं. अडचणी तीन. पहिली, हात थरथरतो. त्यावर उपाय, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, श्वास सोडायचा आणि अर्ध्यावर थांबवायचा, मग बटण दाबायचं, आणि एक नाही, दहा-वीस फोटो सलग. दुसरी, वारा. भिंगातून पाहताना पान एवढंसं हललं तरी भूकंप होतो. मी एक काठी रोवतो आणि कपड्यांच्या चिमट्यानं वेलाची दांडी तिला धरवतो. पान नाही, दांडी. पानाला हात लागला की गिऱ्हाईक उडून जातं. तिसरी अडचण खरी अवघड, ती म्हणजे चकाकी. फ्लॅश मारला तर पाठीवर फक्त पांढरा डाग उमटतो. भर उन्हातही तेच. त्यासाठी पांढरा हातरुमाल सूर्याच्या बाजूला धरायचा, म्हणजे उजेड गाळून येतो. रुमाल धरायला दुसरा माणूस लागतो. ते काम आमच्या घरातून होतं, आणि प्रत्येक वेळी "अजून किती वेळ?" ही सूचनाही त्यासोबत मोफत मिळते.

(तिसरं छायाचित्र.) हा माझा सर्वांत आवडता. बाजूनं काढलाय, त्यामुळे झालरीतून उजेड आरपार आलेला दिसतो. पाठीवर वरच्या बाजूला जो निळसर तुकडा आहे ते आकाश, आणि त्याला लागून जी काळी कड आहे ती आपली बी विंग. सगळी सातमजली बी विंग त्याच्या पाठीवर मावली आहे. गेल्या वर्षभरात मी ४१२ फोटो काढले. ठेवण्यासारखे ९ निघाले. कर्जवसुलीत एवढी टक्केवारी दाखवली असती तर माझी बदली झाली असती.

आता थोडं व्यवहाराचं बोलतो, कारण येत्या सर्वसाधारण सभेत दोन विषय येणार आहेत. एक, पंपरूममागची जागा साफ करून पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि दुचाकी लावायच्या. दुसरा, संपूर्ण बागेत दरमहा फवारणीचं वार्षिक कंत्राट. हे दोन्ही विषय ज्यांनी मांडले त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पार्किंगची अडचण खरी आहे, माझ्याच घरी दोन दुचाकी आहेत. आणि मागच्या पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण झाले, त्या घरांनी काय भोगलं ते आपण पाहिलंय.

पण डेंग्यूचा डास झाडांच्या पानांत जन्मत नाही. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या बशा, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरच्या टाकीचं न बसणारं झाकण, कोपऱ्यात पडलेला टायर. अंड्यातून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा हे सगळं कोरडं केलं तर त्याचं चक्र तुटतं. याला औषध लागत नाही, आपले शंभर हात लागतात. बागेतल्या पानांवर दरमहा विष मारलं तर बशीतली अळी तशीच राहील. मरेल कोण? हा सोनेरी मरेल. शिवाय तो लाल-पिवळा, पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचा ढालकिडा मरेल, जो आपल्या शेवग्यावरचा आणि जास्वंदीवरचा मावा फुकट खातो. मग मावा वाढेल आणि कंत्राटदार म्हणेल, महिन्यातून दोनदा मारू.

कासव-भुंगेऱ्याची मी भलामण करतोय असं समजू नका. रताळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या वहीत हा उपद्रवीच. पण तो मुख्यतः रताळ्याच्या कुळातल्या वेलींवरच जगतो. तीन वर्षांत आपल्या गुलाबावर, कढीपत्त्यावर, तुळशीवर मला तो एकदाही दिसलेला नाही, तारीखवार वही आहे, कुणालाही दाखवतो. आणि ज्या वेलाची पानं तो खातो, त्या वेलाची काकूंची तक्रार नाही.

म्हणून माझी सूचना लेखी दिली आहे, इथे तोंडी सांगतो. पंपरूममागची जागा मी स्वतः टेपनं मोजली. भिंतीला लांबी अठरा फूट, रुंदी बारा फूट. भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी वेलासाठी सोडा आणि उरलेल्या नऊ फुटांत दुचाकी लावा. गाडी सव्वादोन फूट रुंदीची धरली तर आठ गाड्या बसतात, बारा फूट घेतले तरी आठच बसतात, कारण त्या लावायच्या भिंतीच्या लांबीनं. नकाशा सूचनाफलकावर लावलाय. फवारणीच्या ऐवजी दर रविवारी सकाळी अर्धा तास पाणी-तपासणी, विंगवार. ए विंगची गच्ची मी घेतो, गुडघे साथ देतात तोवर. चाचणी म्हणून एक पावसाळा करून बघा. डासांचा त्रास कमी झाला नाही तर पुढच्या सभेत मी स्वतः कंत्राटाच्या ठरावाला अनुमोदन देईन, हे इतिवृत्तात लिहून घ्यावं.

वेळ संपत आली, अध्यक्षसाहेब घड्याळ बघताहेत. ज्यांना हा भुंगेरा बघायचाय त्यांनी उद्या सकाळी नऊच्या सुमाराला पंपरूमपाशी यावं. त्याआधी नको, ऊन तिथे तेव्हा पोहोचतं. चष्मा आणा. भोकं पडलेली पानं शोधा, त्यांच्याच शेजारच्या कोवळ्या पानावर तो बहुधा असतो. सावली त्याच्यावर पडू देऊ नका. मुलांनो, कंपासपेट्या घरी ठेवा. मी भिंग घेऊन येतो, आणि रुमाल धरायला एकजण लागेल.